भात खाल्लास का?

बँकॉक, २६ जून

प्रिय दिग्या,

तुझं पत्र पोचलं. इथल्या पुढाऱ्यांवरच्या माझ्या वात्रटिका आवडल्या हे वाचून बरं वाटलं. पण "तिथल्या पुढाऱ्यांशी तुला काय करायचंय, आपल्याकडचे कमी पडले का?" हा तुझा प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय. आज उत्तर लिहायला दिवसही बरा सापडला. सुनथोर्न फू या इथल्या मोठ्या कवीचा जन्म १७८६ सालचा, आजच्याच तारखेचा. सकाळी गल्लीतल्या शाळेत पोरं त्याच्या काव्यातल्या जलपऱ्या आणि राक्षसिणी होऊन आली होती. इथं सांगतात की त्यानं भर दरबारात एका राजपुत्राची ओळ दुरुस्त केली, आणि तोच राजपुत्र पुढं गादीवर बसल्यावर कवीचं पद गेलं. मग तो भिक्षू झाला, होडीतून हिंडत लिहीत राहिला.

तर तुझा प्रश्न. माझ्या इमारतीखाली एका बाईंची जेवणाची गाडी आहे. सगळे त्यांना 'पा' म्हणतात, म्हणजे थोरली मावशी. पहिल्या दिवशी त्यांनी कढईत मूठभर तुळस टाकली तेव्हा मला धस्स झालं होतं, तुला ठाऊकच आहे. आता तो वास आला की भूक लागते. आमची भाषा तुटकी होती तेव्हाही त्या रोज एकच विचारायच्या, "किन खाव रु यांग?" भात खाल्लास का? आपली आई दारातून आत येणाऱ्याला विचारते तसंच. इथं भारतीयाला 'खॅक' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. सुरुवातीला तो शब्द टोचायचा. पुढं पावसाळ्यात आजारी पडलो, आणि पा चार दिवस पेज वर पाठवत राहिल्या. तेव्हापासून मी तो दुसरा अर्थच धरून बसलोय. दर तीन महिन्यांनी आम्हा परदेशी लोकांना राहता पत्ता सरकारला कळवावा लागतो, त्यावर हे सुचलं:

नव्वद दिस झाले की सांगतो सरकारला,
तोच जिना, तीच खोली, तोच आंबा दाराला.
खॅक मी, पाहुणा मी, बाकी पत्ता एवढाच:
'भात खाल्लास?' विचारते मावशी येता-जाताच.

आता यातला 'किन' बघ. किन म्हणजे खाणं. पूर्वी प्रांतांच्या सुभेदारांना पगार नसायचा, वसुलीतूनच ते आपला वाटा ठेवायचे. त्याला म्हणायचे 'किन मुआंग', गाव खाणं. पाचवा राम या इथल्या राजानं १८९० च्या दशकात कारभाराची घडी बदलली, पगारी अंमलदार नेमले, पण खाणं भाषेत राहिलं. आजही लाच घेतली की 'खाल्लं'. आपल्यासारखंच! एकाच शब्दात मावशीची माया आणि मंत्र्याची हाव. हे कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही.

आणि इथं खरोखरच भात खाल्ला गेला रे. २०११ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांचा भात बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त दरानं, टनाला १५,००० बाथनं घ्यायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षं पा मावशींच्या शेतकरी भावाच्या घरी आनंद होता, ते मी नाकारणार नाही. पण माल गोदामात कुजू लागला, आणि २०१४ उजाडलं तरी लाखो घरांचे पैसे थकलेले. भाऊ ईसानमधून, म्हणजे ईशान्य थायलंडातून, रोज फोन करायचा. पा फोन ठेवायच्या, डोळे पुसायच्या आणि गिऱ्हाइकाला विचारायच्या, भात खाल्लास का? मे महिन्यात लष्करानं सत्ता घेतली, मग थकबाकी मिळाली. चीनला विकल्याचं दाखवलेला तांदूळ देशातच फिरवला, म्हणून २०१७ मध्ये माजी वाणिज्यमंत्र्यांना ४२ वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं मी त्या गाडीपाशी उभा राहून पाहिलंय. मग कसं म्हणू, माझा संबंध नाही?

लोकांची भाषाच इतकी रसाळ आहे की मला फार काही करावं लागत नाही. पक्ष फोडून जाणारा आमदार-खासदार म्हणजे नाग. १९९७ मध्ये समक सुंदरवेज या पक्षनेत्यानं आपल्या फुटीर खासदारांना ती शेतकऱ्याची आणि वाचवणाऱ्यालाच डसणाऱ्या नागाची गोष्ट लावली, तेव्हापासून शब्द रुळला. आपण अस्तनीतला निखारा म्हणतो, तेच. खासदार वळवायला द्यायचे पैसे म्हणजे केळी; आपल्याकडं खोके, इथं केळी. सरांनी फळ्यावर शिकवलेलं दामयमक, ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, इथं वापरलंय, नीट जमलं का सांग:

नागोबा नागोबा, कुठं गेला होता?
होता तो पक्ष सोडून आलो.
आलो म्हणता, तर काय मिळालं?
मिळालं केळं नि गप्प झालो.

मतदानाच्या आदल्या रात्रीला 'कुत्री रडण्याची रात्र' म्हणतात. मतांचे दलाल अंधारात घरोघरी हिंडतात, म्हणून कुत्री गळा काढतात.

मतदानाची आदली रात, कुत्री गळा काढतात,
गल्लीतल्या अंधारात पाकिटं कोण वाढतात?
भुंकू नका रे बाळांनो, ही तर जुनीच पंगत,
आज वाढती तेच उद्या ताट पुढ्यात ओढतात.

काळजी करू नकोस. कवितेत मी कुणाचं नाव घालत नाही, आणि राजघराण्याबद्दल तर एक अक्षरही नाही. राजघराण्याच्या अपमानाला कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं कैद आहे. पाहुण्यानं घराची रीत पाळावी, आणि ज्यांच्या हातचं जेवतो त्यांच्या दुःखाला शब्दही द्यावा, एवढंच मला जमतंय.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सविस्तर कळव. आणि एक काम कर. पांच्या भावावर लिहायला घेतलंय, तीन ओळी झाल्या:

भात पेरला, भात कापला, भात गेला गोदामात,
कागदाच्या जहाजातून चीनला पोचला कागदात,
पोटभर जेवले ते किडे, आणि पिकवणारा भाऊ

चौथी ओळ दोन महिने येत नाहीये. 'आत'नं संपायला हवी. तुला सुचली तर लगेच पाठव. पांना मी ती थाईत करून ऐकवायचं कबूल केलंय.

तुझा,
सुहास