स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, पण वजन आणि शुगर कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत स्किझोफ्रेनियावर लेख आला होता. चांगला होता, आजार लपवू नका, अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, गोळ्या मनाने बंद करू नका, सगळं पटलं. पण त्या गोळ्यांनी शरीराचं काय होतं यावर अख्ख्या लेखात एकच ओळ, की वजन थोडं वाढू शकतं. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं या गोळ्यांवर आहे म्हणून सांगते, ती एक ओळ पुरत नाही हो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे पत्र वाचून कोणी घरच्या माणसाची गोळी बंद केली तर मला ते अजिबात चालणार नाही. या गोळ्यांमुळेच आमचा भाऊ आम्हाला परत मिळालाय. कानात येणारे आवाज थांबले, आईने दिलेल्या चहात विष आहे म्हणायचा ते थांबलं. फिनलंडमध्ये हजारो पेशंटची वर्षानुवर्षांची नोंद तपासली गेलीय, त्यात गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमीच निघालं. त्यामुळे गोळी हवीच, माझं म्हणणं पुढचं आहे.

त्याला ओलान्झापिन सुरू केली आणि दोनेक महिन्यांत भूक अशी काही सुटली की विचारू नका. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात लाईट, बघते तर हा उभ्याउभ्याच कुकरमधला गार भात कोरडाच खातोय, शेजारी शेवेचा डबा रिकामा, आणि रात्री नीट पोटभर जेवून झोपलेला होता बरं का. आईने डबे कपाटात ठेवून कुलूप लावलं तर रडायला लागला, "ताई, पोट भरतच नाही गं, काय करू." वर्षभरात एकही जुनी पँट कमरेला बसेना. आणि नातेवाईक काय म्हणणार, तर घरी बसून आयतं खातोय म्हणून सुटलाय. लग्नाकार्यात त्याच्या ताटाकडे बघून लोक हसायचे आणि ते त्याला कळायचं, आजारी आहे म्हणजे कळत नाही असं थोडीच आहे.

हा खादाडपणा नाही. मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं जिथे काम करतात ते काही रिसेप्टर या गोळीने अडवले जातात, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याचं लवकर जाणवत नाही. शिवाय इन्सुलिनच्या कामातही बिघाड होतो, म्हणून काही जणांची शुगर तर वजन फारसं न वाढताही चढते, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी वाढते. त्यात गोळीची सुस्ती, आणि आजारच असा की उठून काही करावंसंच वाटत नाही. तंबाखू-सिगरेटचं प्रमाणही या पेशंटमध्ये जास्त असतं. सगळं मिळून काय होतं, तर गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यात मोठा वाटा हार्टसारख्या शरीराच्या आजारांचा आहे. आत्महत्येची काळजी घरचे करतात, करायलाच हवी, पण शुगर-कोलेस्टेरॉलकडे कुणाचं लक्षच नसतं.

आता आमचा अनुभव. दवाखान्याचं नाव घेत नाही, खाजगी होता. तिथे वजनकाटा होता, पण भिंतीला टेकवून उभा ठेवलेला आणि पुढ्यात जुन्या फाईलींचे गठ्ठे. डॉक्टर विचारायचे झोप लागते ना, आवाज येत नाहीत ना, मग याच गोळ्या चालू ठेवा, झालं. वजनाचं विचारलं तर म्हणे जरा चालायला सांगा, शुगर-बिगर तुमच्या फिजिशियनला दाखवा. पुढे तो सारखं पाणी प्यायला लागला, बाटल्याच्या बाटल्या, रात्रीतून चार-चारदा बाथरूमला, दिवसभर गळून पडलेला. फिजिशियनकडे नेलं तर त्यांनी फाईलवरचं स्किझोफ्रेनिया वाचलं आणि सांगितलं की हे मानसिकच आहे, तिकडेच दाखवा. शेवटी आम्हीच लॅबमध्ये नेऊन रक्त दिलं, उपाशीपोटीची शुगर दोनशेच्या वर. वय काय, तर तिशीसुद्धा नाही. हीच तहान दुसऱ्या कुणी सांगितली असती तर पहिल्याच दिवशी शुगर लिहून दिली असती की नाही?

बरं, हे काही नवीन शोध लागल्यासारखं नाहीये. २००३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने ओलान्झापिनसारख्या नव्या पिढीच्या गोळ्यांवर डायबेटिसचा इशारा छापायला लावला. २००४ साली तिथल्या डायबेटिसच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून सांगितलं की गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) बघा, घरात कुणाला डायबेटिस आहे का विचारा, मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी वजन करा, १२ आठवड्यांनी बीपी, शुगर, लिपिड परत, आणि पुढेही ठरावीक काळाने बघत राहा. वजन पाच टक्क्यांनी वाढलं की गोळी बदलता येईल का याचा विचार करा. म्हणजे ६० किलोच्या मुलाचं तीन किलो वाढलं तरी थांबून बघायचं, आमच्याकडे पँटी बसेनाशा झाल्या तरी कुणी काटा पुढे ओढला नाही.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात हेही आम्हाला फार उशिरा कळलं. क्लोझापिन आणि ओलान्झापिनने वजन-शुगर सगळ्यात जास्त वाढते, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन मधल्या, अरिपिप्राझोल, लुरासिडोनने बरंच कमी. म्हणून उद्या जाऊन गोळी बदलून मागा असं नाही, कारण बदलताना आजार उसळू शकतो, आणि इतर गोळ्या हरल्यावर ज्यांना क्लोझापिननेच गुण आलाय त्यांची ती काढून कसं चालेल. पण क्लोझापिनवाल्यांचं तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त घेतातच, पांढऱ्या पेशी बघायला. सुई टोचलेलीच आहे, बाटलीत रक्त आलेलंच आहे, मग मधूनमधून त्यातच शुगर आणि लिपिड बघायला काय हरकत आहे?

भावाचे आता दुसरे डॉक्टर आहेत. त्यांनी हळूहळू गोळी बदलली, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी सुरू केली, जी जनऔषधीत अगदी स्वस्त मिळते आणि या गोळ्यांनी वाढणाऱ्या वजनावर तिचा उपयोग होतो हे अभ्यासातून दिसलेलं आहे. सकाळी बाबा त्याला कमाटीबागेत घेऊन जातात, गर्दी व्हायच्या आधी, कारण लोक बघायला लागले की तो परत फिरतो. शुगर आटोक्यात आहे. वजन हळूहळू उतरतंय, बारीक झालेला नाही आणि तसा आमचा हट्टही नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक पेशंटला इतर पेशंटच्या बरोबरीनेच उपचार मिळाले पाहिजेत. मग बडोद्यातल्या सगळ्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, प्रिस्क्रिप्शनवर गोळीच्या वरती त्या दिवशीचं वजन लिहा. कंबर मोजायला शिंप्याची टेप चालते, काही खर्च नाही. शुगर फिजिशियनच बघणार असतील तरी चिठ्ठी तुम्ही लिहून द्या, आमच्या तोंडी निरोपाला तिथे कुणी विचारत नाही.

आणि संपादक साहेब, या विषयावर पुढच्या वेळी छापाल तेव्हा डोकं धरून बसलेल्या माणसाचा फोटो कृपा करून नको, त्या जागेत एक चौकट द्या. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की डॉक्टरांना सांगायचं, महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला वजन करून वहीत लिहायचं, खूप तहान आणि सारखी लघवी लागली तर त्याच दिवशी शुगर तपासायची, गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. लोक कापून फ्रिजवर लावतील.

आपली,
एक वाचक, रावपुरा, बडोदा