आयत्या वेळचे विषय इथे चालत नाहीत

कुपर्टिनो, कॅलिफोर्निया
दिवाळीच्या आठ दिवस आधी

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. व्हिडिओ कॉलवर आजीला धड ऐकू येत नाही आणि बाबा 'बरं, बरं' करून फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतो. ताईने प्रिंट काढावी, आजीसाठी अक्षर मोठं करून. जेवण, झोप, कपडे सगळं पूर्वीसारखंच, ते परत लिहीत नाही. बारीक दिसतो तो कॅमेऱ्यामुळे.

आधी आत्याचा प्रश्न. बारावी होऊन गेलेला मुलगा परत ज्युनिअर कॉलेजात कसा बसला, असं ती कराडच्या अर्ध्या गावाला विचारते म्हणे. तिचीही चूक नाही. आता ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात त्याला इथे पूर्वी ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे. सगळ्यांत जुनं, इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं आहे आणि त्याच्या नावात तो शब्द अजून आहे. पण आपल्या अकरावी-बारावीशी त्याचं नातं नाही. ही पदवीची पहिली दोन वर्षं. उरलेली दोन विद्यापीठात जाऊन करायची, आणि पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचंच येतं. कॅलिफोर्नियात अशी सरकारी कॉलेजं ११६ आहेत. इथल्या रहिवासी मुलांना आमच्या डी अँझा कॉलेजात युनिटला, म्हणजे विषयाचं वजन मोजायच्या मापाला, ३१ डॉलर फी पडते. आम्हा परदेशी मुलांना त्याच्या कित्येक पट, तरीही विद्यापीठात चारही वर्षं काढण्यापेक्षा पुष्कळ कमी.

काकांना सांगा, अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, याच कॉलेजात शिकून गेला. आणि १९८४ च्या जानेवारीत अ‍ॅपलचा पहिला मॅकिंटॉश कॉम्प्युटर लोकांना दाखवला तो याच आवारातल्या सभागृहात. सभागृह २०१९ मध्येच बंद झालं, पण काकांना तेवढं सांगायची गरज नाही.

वर्गात माझ्या एका बाजूला अजून शाळेत असलेला सतरा वर्षांचा मुलगा बसतो आणि दुसऱ्या बाजूला आजीच्या जवळपास वयाच्या एक बाई. होस्टेल नाही. दिवसा नोकरी करणारे लोक संध्याकाळच्या वर्गांना येतात. त्यामुळे कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी कट्ट्यावरची मुलं येतात, तसं चित्र फार थोडा वेळ दिसतं. तास संपला की गाडी काढून पसार. तरी ओळखी व्हाव्यात म्हणून क्लब असतात. त्याबद्दल पुढे लिहितो, बाबांना ते आवडेल.

अभ्यासाची काळजी करू नका, फक्त वेग समजून घ्या. आपल्यासारखी सहामाही नाही, बारा आठवड्यांची तिमाही आहे आणि त्यातला शेवटचा आठवडा परीक्षेचा. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यातच पहिली मोठी परीक्षा अंगावर येते. व्हिसाच्या नियमाने दर तिमाहीला किमान १२ युनिट हवीत, आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन विषय एकच धरतात. विद्यापीठात जायला एकूण ९० लागतात. १५ च्या हिशेबाने सहा तिमाह्या, म्हणजे बरोबर दोन वर्षं. विषय सोडायचा झाला तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत, त्याची खूण राहत नाही. त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत सोडला तर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' पडतो. पण सोडून आकडा १२ च्या खाली येणार असेल तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारायचं. मुलं इथेच फसतात. विषय जड जातो म्हणून रात्री मोबाईलवरून काढून टाकतात आणि सकाळी व्हिसा धोक्यात आलेला असतो. आणि पहिल्या तासाला गैरहजर राहायचं नाही. शिक्षक नाव काढून वेटिंगवरच्या मुलाला जागा देऊ शकतात. विमान उशिरा आलं, ही सबब चालेलच असं नाही.

बाबांचा 'पुढे काय' हा प्रश्न मी टाळत नव्हतो, कागद हातात यायची वाट पाहत होतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा ठिकाणी, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथे, प्रवेशाची लेखी हमी मिळते. तिला टॅग म्हणतात. अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच, आणि सहापैकी एकाच ठिकाणी. मी भरला आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस या हमीत नाहीत, त्यामुळे देसाईंच्या मुलाशी तुलना नको. टॅग मिळाला तरी मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो आणि ठरलेले गुण राखावे लागतात. इंजिनिअरिंगसारख्या शाखा काही ठिकाणी हमीतून वगळल्या आहेत. मी इकॉनॉमिक्स घेतलं त्याला हेही एक कारण होतं, फक्त गणिताची भीती नव्हे. कॅल्क्युलस घ्यावाच लागतो. तो इथे १ए, १बी, १सी, १डी अशा तुकड्यांत आहे, आणि साखळी अर्ध्यात सोडून दुसऱ्या कॉलेजात गेलं की तुकडे जुळत नाहीत. इथला कोणता विषय तिथल्या कोणत्या विषयाला चालतो ते 'असिस्ट' नावाच्या सरकारी वेबसाइटवर पाहायचं. मित्राने सांगितलं म्हणून विषय घ्यायचा नाही.

आता बाबांसाठी. तुम्ही विकास सोसायटीच्या सभा इतकी वर्षं चालवल्यात, तर हे नीट वाचा. इथे पिझ्झा मागवायलासुद्धा ठराव लागतो.

मी थट्टा करत नाही. भारतीय मुलांच्या क्लबला दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीसाठी तीस जणांचा पिझ्झा हवा आहे. हिशेब साधा: माणशी अडीच तुकडे, म्हणजे पंचाहत्तर. मोठ्या पिझ्झाचे आठ तुकडे होतात, म्हणजे दहा पिझ्झे. त्यातले सहा बिनमांसाचे, त्यातले दोन कांदा-लसणाशिवाय, कारण जैन मुलं आहेत. आपल्याकडे कुणीतरी खिशातून पैसे काढले असते आणि नंतर वर्गणी गोळा झाली असती. इथे आधी क्लबची सभा. निम्म्याहून जास्त सभासद हजर नसतील तर कोरम नाही, आणि कोरम नाही तर निर्णय नाही. अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरवून काम उरकायची आपली सोय इथे नाही.

मग सूचक उठतो. 'पिझ्झा मागवू या का' असं विचारून भागत नाही. 'तालमीच्या खाण्यासाठी अमुक खात्यातून जास्तीत जास्त २५० डॉलर खर्च करण्यात यावेत असं मी सुचवतो,' असं आकडा, खातं आणि कारण घालून बोलायचं. दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच मेला, चर्चासुद्धा नाही. चर्चा सुरू झाल्यावर कुणी म्हणतं, २५० चे २२० करा. ती दुरुस्ती. तिलाही अनुमोदन, तिच्यावर वेगळी चर्चा, वेगळं मत, आणि मग मूळ ठरावावर मत. चर्चा लांबली तर ती बंद करायचा ठराव आणता येतो, पण बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं म्हणून त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. मतं समसमान पडली तर ठराव फेटाळला. हे नियम रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरने १८७६ मध्ये छापले आणि एकोणीस वर्षांची मुलं आज ते पाठ म्हणतात. सगळं इतिवृत्तात, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह. पुढच्या सभेचा पहिला विषय तुम्हाला सांगायला नको: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते इंग्रजीत ऐकताना मला आपल्या सोसायटीचा हॉल, सतरंजी आणि तुमचा चष्मा आठवतो.

हे झालं फक्त क्लबचं. पैसे सगळ्या क्लबांच्या मध्यवर्ती मंडळाकडून हवे असतील तर तिथे परत सभा. तिला कॅलिफोर्नियाचा ब्राऊन अ‍ॅक्ट लागू, १९५३ चा कायदा, नगरपालिकांना आहे तोच. विषयपत्रिका सभेच्या ७२ तास आधी सगळ्यांना दिसेल अशी लावायची, आणि पत्रिकेवर नाही त्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही. म्हणजे बाबा, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' हा तुमच्या प्रत्येक पत्रिकेवरचा शेवटचा आकडा इथे बेकायदा आहे! अगदीच निकड असेल तर दोन तृतीयांश मतांनी वाट काढता येते, पण पिझ्झा निकडीत बसत नाही. बाहेरचा कुणीही येऊन बोलू शकतो. त्याचं ऐकून घ्यायचं, त्यावर ठराव मात्र करायचा नाही. 'मंजूर, मंजूर' असा गलका करून सभा गुंडाळणं तर शक्यच नाही.

ठराव झाला की तीन सह्या: कॉलेजचा नेमलेला अधिकारी, सल्लागार शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी. तिन्ही खर्चाच्या आधी, प्रत्येक खर्चाला. नवी मुलं नेमकी उलटं करतात. आधी आणतात, मग पावती घेऊन फिरतात, आणि अडीचशे डॉलर अंगावर पडतात. पावतीही जिनसवार हवी, नुसता एकूण आकडा असलेली कार्डाची चिठ्ठी चालत नाही. सगळं धरून तीन आठवडे जातात. म्हणून इथली दिवाळी दिवाळी उलटल्यावर होते. आधी मला हा बावळटपणा वाटायचा. आता वाटतं, पैशावरून भांडणं तरी होत नाहीत. सध्या इतिवृत्त मी लिहितो. हा वेळ अभ्यासातूनच जातो, पण विद्यापीठाच्या अर्जात असल्या कामालाही वजन असतं.

आईचे प्रश्न. हॉटेलात भांडी घासत नाही. बाहेर काम करायची परवानगीच नाही. कॉलेजच्या आवारात, तिमाही चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं, आणि मी लायब्ररीत बसतो. थंडगार, बसून काम. क्रमिक पुस्तकंही तिथेच दोन-दोन तासांसाठी मिळतात, म्हणून सगळी विकत घेतली नाहीत. पैसे नव्हते म्हणून नाही. रात्री उशीर झाला तर २३ नंबरची बस कॉलेजपासूनच सुटते, चालत कुठे जात नाही. आणि कॉलेजात धान्य-भाजीची एक खोली आहे, विद्यार्थ्यांनी नाव नोंदवून न्यायचं. ताईला फोटोत माझ्या टेबलावर दिसली ती राजम्याची डबाबंद उसळ तिथली. ते दान वगैरे नाही, सगळेच घेतात. दर आठवड्याला मी घेतही नाही.

पैशांचं. पुढच्या तिमाहीची फी नोव्हेंबरअखेर भरायची आहे. बँकेत परदेशी पैसे पाठवायच्या ए-२ फॉर्मवर कारण 'परदेशी शिक्षण' असंच लिहा, 'नातेवाइकाचा निर्वाह' नको, आणि पॅन कार्ड न्या. चार्जेसच्या रकान्यात 'ओयूआर', म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे, असं लिहायला सांगा, नाहीतर मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापते. तेवढीच फी कमी पडते आणि माझी नोंदणी अडकते. शेऱ्यात माझा विद्यार्थी क्रमांक हवाच, नसेल तर पैसे कुणाचे ते कॉलेजला कळत नाही. फीचं पत्रक सोबत जोडलं आहे, कर्जाच्या खात्यासाठी बँक तेच मागेल. या वेळी पत्रकातल्या आकड्यापेक्षा सहाशे डॉलर कमी पाठवा. ते लायब्ररीच्या पगारातून साठले आहेत. पाटल्या बँकेत आहेत हे मला ताईने सांगितलेलं नाही, तिला रागावू नका. उसाचं पहिलं बिल आलं की आधी त्या सोडवा, फीचं मी कॉलेजला हप्त्यांत विचारून बघतो.

आणि ताईचं लग्न. हा विषय पत्रिकेवर वर घ्यायला हवा होता, माहीत आहे. माझी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यात मार्गशीर्षाचे चार-सहा दिवस, बाकी सगळा पौष. पौषात कुणी लग्न धरत नाही, आणि माझ्यासाठी पाहुण्यांना तारीख बदलायला सांगू नका. तुम्ही म्हणता तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे आमचा सहावा, परीक्षांचा. येऊन-जाऊन आठ-दहा दिवस मोडतात, बारा आठवड्यांच्या तिमाहीतले. म्हणून मी येईन असं धरून काही ठरवू नका. मामा कान पिळायला आहेच म्हणा, पण तो मान माझा होता. ताई, तुझ्याशी वेगळा बोलतो. बोलताना रडायचं नाही, दोघांनीही.

तरीपण घरी येऊन इकडे परत येताना लागते ती आय-ट्वेंटीवरची, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या कागदावरची, प्रवासाची सही मी मागच्या आठवड्यात घेऊन ठेवली आहे. ती वर्षभर चालते.

आजीला नमस्कार. अनारसे पाठवू नका, कुरियरला फार पडतात.

तुमचा,
धाकटा