भाकरीचा डाग आणि चुन्याची डबी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता भाकरी जाळावर फुगवतच नाही गं. काळे डाग पडतात, त्यानं कॅन्सर होतो असा मेसेज आलाय." त्याच भीतीनं बाबांनी सुक्कं मटण सोडल्याचंही तेव्हाच कळलं. तेव्हापासून मनातून ते जात नाही. फोनवर मी भरभर बोलले असते नि तुम्ही नुसतं हं हं केलं असतं, म्हणून निवांत लिहायला बसले.

तुम्हाला आलेला मेसेज अगदीच खोटा नाही. धान्यात, बटाट्यात अस्पॅराजिन नावाचा घटक असतो. तो आणि साखर १२० अंशांच्या वर कोरडे तापले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत असल्याचं जाहीर केलं. उंदरांना ते पाण्यातून भरपूर पाजलं तेव्हा गाठी झाल्या, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था त्याला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हणते. पण माणसं जेवणातून जेवढं खातात तेवढ्यानं कॅन्सर वाढतो, असं इतक्या वर्षांच्या पाहण्यांतून ठामपणे निघालेलं नाही. भाकरीवरच्या चार ठिपक्यांसाठी आईनं जीव जाळू नये. करपलेला पापुद्रा काढून टाकला की झालं.

मटणाचं थोडं वेगळं आहे. निखाऱ्यावर भाजताना चरबी खाली ठिबकते, तिचा धूर मांसाला लागतो, त्यातली द्रव्यं वाईटच. पण आपलं मटण आधी पाण्यात शिजतं, मग परततं. रोज नको, रविवारचं रविवारी खा. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, गारव्यानं त्यातली साखर वाढते, मग तळताना अ‍ॅक्रिलामाइडही जास्त. आणि वड्याचं तेल परत परत तापवू नका.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय ते.

गेल्या महिन्यात आले होते तेव्हा बाबांनी भाकरीवरचा काळा डाग नखानं खरवडून ताटाच्या कडेला ठेवला. जेवण झालं, हात धुतला, आणि बंडीच्या खिशातून चुन्याची डबी निघाली. तळहातावर तंबाखू चोळली, दोनदा थाप मारली, चिमूट डाव्या गालात. लहानपणापासून बघत आलेय, पण त्या दिवशी पोटात कालवलं.

कारण त्याच जेवणात बाबा, तुम्ही म्हणालात की पांढरा रस्सा झोंबतोय. तांबडा झोंबला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पांढऱ्यात झोंबण्यासारखं काय असतं? तुम्ही वाटी सरकवून दिलीत, आईनं मिरीला बोल लावला, विषय संपला. माझा संपला नाही.

आई, तूही. परसात जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतेस, शेजारीपाजारी ठसकतात, नि ती मिश्री दिवसातून तीनदा हिरड्यांवर फिरवतेस. भाजल्यानं तिच्यातलं विष जळून जात नाही गं. अ‍ॅक्रिलामाइडबद्दल 'बहुधा' म्हणणारी तीच संस्था खायच्या, लावायच्या तंबाखूबद्दल 'बहुधा' म्हणत नाही. तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर तिनं होतो, असं सरळ सांगते. मिश्रीही त्यातच आली.

चाळीस वर्षांची सवय एका पत्रानं सुटत नाही, हे कळतं मला. म्हणून सोडा असं नुसतं लिहून थांबत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, तंबाखू सोडायला तिथली माणसं मदत करतात. मी आले की आपण तिघं बसून लावू.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. शनिवारी सकाळी बाबांना घेऊन सीपीआर रुग्णालयात जाऊ, तोंड दाखवून येऊ. टॉर्च लावून गालाच्या आतून, जिभेखाली बघतात. लागलंच तर पुढची तपासणी सांगतील. पांढरा किंवा लाल चट्टा लवकर सापडला तर पुष्कळ काही करता येतं. "काही नाही झालंय" हे तुमच्याकडून नको बाबा, डॉक्टरांकडून ऐकू दे मला. आई, तूही चल, तुझ्याही हिरड्या दाखवू.

रविवारी मटण कपिलतीर्थ मंडईतून मी आणते. भाकरी मात्र जाळावर फुगलेलीच हवी.

तुमची,
सुमन