ई-सायकलचे मागचे चाक : हब बदलण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हन, अ‍ॅमस्टेलवेन यांसारख्या शहरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी वापरलेल्या ई-सायकली विकत घेतल्या आहेत. यांतल्या बऱ्याच सायकलींत मोटर पेडलांपाशी असते आणि गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, पोटात बंद असतात. गिअर दिसतच नसल्यामुळे बिघाड झाला की 'हब गेला' हे दुकानदाराचे म्हणणे आपण मुकाट्याने मान्य करतो आणि नवे चाक बसवून घेतो. माझ्याही गळ्यात असे चाक पडणार होते. ते टळले, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात मागचा टायर बदलून आणल्यावर, पुलाचा चढ चढताना चौथा गिअर निसटू लागला आणि पुढच्या दोन आठवड्यांत तीन स्पोक तुटले. घरी चाक स्वच्छ पुसून विजेरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा अ‍ॅक्सलवरचे (चाकाच्या मधल्या आसावरचे) दोन वॉशर डावे-उजवे बदलून बसवलेले आढळले. हे वॉशर साधे नसतात. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असतात आणि प्रत्येकाला एक जिभेसारखा तुकडा असतो, तो फ्रेमच्या खाचेत पक्का बसावा लागतो. हबच्या आतील मधले दातेरी चाक अ‍ॅक्सलवर जखडून इतर दातेरी चाके त्याभोवती फिरतात, त्यामुळे पेडलचा आणि मोटरचा जोर अ‍ॅक्सललाही उलट पिळू पाहतो. तो पीळ ही जीभच अडवते. ती खाचेत नसेल तर अ‍ॅक्सल किंचित फिरतो, गिअरच्या केबलचा ताण बदलतो आणि गिअर निसटतो. हबच्या आत मात्र काहीच बिघडलेले नसते. वॉशर आपापल्या जागी बसवून नट ३० ते ४५ न्यूटन-मीटर या ठरलेल्या मापाने आवळले आणि केबल जुळवली. शिमानो कंपनीच्या नेक्सस प्रकारच्या ७ किंवा ८ गिअरच्या हबमध्ये चौथा गिअर टाकल्यावर हबच्या टोकाशी असलेल्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर याव्या लागतात. माझ्या सायकलीत त्यांच्यात दोन मिलिमीटरचे अंतर होते. ते मिटल्यापासून त्याच पुलावर गिअर एकदाही निसटलेला नाही.

स्पोकचे दुखणे निराळे होते. तिन्ही स्पोक हबच्या कडेला अडकतात त्या वाकवलेल्या मानेपाशीच तुटले होते. सायकल २५ किलोच्या घरात आणि मागे मुलाची सीट, म्हणून ओझ्याने तुटले असावेत असे प्रथमदर्शनी वाटते. पण स्पोक बहुधा ढिलाईने तुटतात. ताण कमी असला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्पोक सैल पडतो, पुन्हा ताणला जातो आणि अखेर मानेशी थकून तुटतो. म्हणून तुटलेला एक स्पोक बदलून भागत नाही, सगळ्यांचा ताण सारखा करून चाकाची आऊट (फिरताना होणारी डुगडुग) काढावी लागते. मी पूर्ण चाक मानेशी जाड असलेल्या १३ गेजच्या स्पोकांनी पुन्हा विणून घेतले. हबचा घेर मोठा असल्याने स्पोक आखूड असतात. प्रत्येक स्पोक इतर स्पोकांना तीनदा ओलांडेल असे विणले तर ते रिमपाशी निपलजवळ (स्पोक आवळण्याच्या छोट्या नटाजवळ) वाकतात, म्हणून विणकाम दोनदाच ओलांडून करण्याचा आग्रह धरावा.

पंक्चरसाठी तर चाक काढायची गरजच नसते. पुण्यातील पंक्चरवाले चाक जागेवरच ठेवून ट्यूब बाहेर ओढतात आणि पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे पाहतात, तीच रीत इथेही चालते. टायर बदलताना मात्र चाक काढावेच लागते. त्या वेळी वॉशर कोणत्या बाजूचा आणि त्याची जीभ कुठे होती याचे छायाचित्र आधी घ्यावे. चाक परत बसवल्यावर रोलर ब्रेकचा (हबच्या बाजूला बसणाऱ्या बंद ब्रेकचा) दांडा फ्रेमला न विसरता घट्ट जोडावा. तो सुटा राहिला तर ब्रेक दाबताच दांडा गरकन फिरतो, आणि मागे मूल बसलेले असताना हे फार धोक्याचे आहे. साखळीला मधोमध साधारण १० ते १५ मिलिमीटर खेळ असू द्यावा.

चालवणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. गिअर बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर काढावा, कारण आपण जोर देत राहिलो की मोटरही ओढत राहते आणि आतले दाते ताणाखाली सरकतात.

जुनी सायकल विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानांकडे माझी एकच मागणी आहे. 'हब गेला' असे सांगण्यापूर्वी वॉशर, केबलच्या रेघा आणि स्पोकचा ताण या तीन गोष्टी ग्राहकासमोर तपासून दाखवाव्यात. वापरलेली सायकल घेणाऱ्या बांधवांनीही पैसे देण्यापूर्वी मागच्या नटाशेजारी वाकून दोन्ही वॉशरच्या जिभा खाचेत आहेत का ते पाहावे आणि हबच्या आतील वंगण शेवटचे कधी बदलले ते विचारावे. ते काम साधारण दोन वर्षांनी, किंवा वापर फार असल्यास ५,००० किलोमीटरनंतर करायचे असते.

आपला नम्र,
एक वाचक, आइंडहोव्हन