पहिल्या सभेत पहिला विषय पाण्याचा हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

एप्रिल २०१५ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला आपल्या छत्रपती संभाजीनगर महापालिकेसाठी मतदान झालं. २०२० मध्ये मुदत संपल्यानंतरची पावणेसहा वर्षं सभागृहात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. आता ११५ नगरसेवक निवडून आलेत आणि महापौर कोण होणार याचीच चर्चा भाजीवाल्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत ऐकू येते. गट कुठला, नाव कुणाचं, वजन कुणाचं. पण खुर्चीत बसल्यावर आधी काय करणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या काकू सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी पेन्सिलीने गोल केलेले असतात, ते पाण्याचे दिवस. त्या दिवशी त्या गावाला जात नाहीत, दवाखान्याची तारीख पुढे ढकलतात. नातीचा साखरपुडा ठरवतानाही आधी ते गोल मोजले गेले. नळ कधी रात्री दीडला येतो, कधी पहाटे. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘आलं’ एवढंच लिहितं आणि घराघरात दिवे लागतात. पहिल्या दोन बादल्या गढूळ, त्या झाडांना. मग हौद, मग ड्रम, मग पातेली. दोन गल्ल्यांपलीकडे टिल्लू पंप चालू झाले की आमची धार करंगळीएवढी होते. ज्यांच्याकडे हौदच नाही त्यांनी किती साठवायचं?

हे सगळं होतं ते जायकवाडीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या शहरात. १९७६ साली पूर्ण झालेलं, १०२ टीएमसीचं हे धरण. नाथसागर, म्हणजे त्याचा जलाशय, भरल्याच्या बातम्या वाचून बाहेरगावचे नातेवाईक आम्हाला फोन करतात, ‘आता तर चंगळ!’ त्यांना काय सांगायचं? धरणात पाणी आहे, ते शहरापर्यंत आणणाऱ्या वाहिन्या जुन्या आणि अपुऱ्या. ७०० मिलिमीटर व्यासाची १९७५ ची, १४०० मिलिमीटरची नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हापासून शहर कितीतरी पटींनी पसरलं. जुन्या वाहिन्यांच्या जोडीला समांतर जलवाहिनी टाकायचं ठरलं, तिचं खासगीकरण झालं, रद्दही झालं. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला, आणि कामावर लक्ष ठेवायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला उतरावं लागलं. याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने डोंगरातलं पाणी नहरींनी, नुसत्या उतारावर खेळवलं होतं. अशाच नहरीच्या पाण्यावर चालणाऱ्या पाणचक्कीला पाहुण्यांना घेऊन गेले की दर वेळी माझा जीव कळवळतो.

आता महापौरांविषयी. ‘मी रोज पाणी देईन’ असं आश्वासन कुणी देऊ नये, कारण ते त्यांच्या हातात नाही. पैठणचा नगराध्यक्ष थेट जनता निवडते, आपला महापौर मात्र नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. १९४९ च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांना दिलेत, पैशांच्या मंजुऱ्या बऱ्याचशा स्थायी समितीकडे. नवी पाणी योजना तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण राबवतंय. माझं ठाम मत आहे की एवढ्या मोठ्या शहराच्या महापौराला यापेक्षा जास्त अधिकार हवेत. पण ते मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद महापौरांकडे आहे आणि ते लहान नाही. सभेत काय चर्चेला येतं, कशावर उत्तर मागितलं जातं, कोणता विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो, हे तिथे ठरतं.

तेव्हा इच्छुकांनी निवडीआधी एवढं लिहून द्यावं, की प्रत्येक सर्वसाधारण सभेत पहिला विषय पाण्याचा असेल. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना सभेला बोलवावं आणि महिन्याभरात किती काम झालं ते सर्वांसमोर सांगायला लावावं. कोणत्या टाकीवरून कोणत्या वसाहतीला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ पाणी, हे वेळापत्रक प्रत्येक प्रभागात फलकावर लावावं, आणि ते चुकणार असेल तर आदल्या संध्याकाळी कळवावं. रोज पाणी द्यायला मोठी वाहिनी लागते, पण ठरल्या वेळी पाणी द्यायला फक्त शिस्त लागते. काकूंना निदान रात्रभर जागावं तरी लागणार नाही. बेकायदा नळ आणि थेट लाइनवर लावलेले पंप तोडताना ते कोणत्या नगरसेवकाच्या माणसाचे आहेत हे पाहू नये. हे सगळ्यात अवघड काम, आणि महापौर खरोखर कुणाचा आहे ते इथेच कळेल. पाणीपट्टी २०२२ मध्ये ४०५० वरून २०२५ रुपयांवर आणली, तेव्हा बरं वाटलं. पण वेळेवर आणि स्वच्छ पाणी मिळणार असेल तर मी जुनी पट्टी आनंदाने भरेन, आणि आमच्या गल्लीतले बरेचजण भरतील.

बाकीची कामं नकोत असं नाही. २०१८ मध्ये नारेगावचा डेपो बंद झाल्यावर कचरा रस्त्यारस्त्यावर कसा साचला होता ते कुणी विसरलेलं नाही, त्याकडे लक्ष हवंच. सुशोभीकरण मात्र थांबू शकतं. जी-२०च्या पाहुण्यांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये चौक सजले, भिंती रंगल्या. शहर सुंदर दिसलं, मलाही आवडलं. पण त्याच चौकांमधून त्याच आठवड्यात पाण्याचे टँकर जात होते.

काकूंनी आणि मी ठरवलंय, नव्या महापौरांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेची तारीख कळली की प्रेक्षक सज्जात जाऊन बसायचं. त्या दिवशी कॅलेंडरवर गोल असला तरी.

आपली,
एक नियमित वाचक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर