जुलैत लावलेले झाड मे महिन्यात कुठे असते?

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आमच्या उपनगरात वृक्षारोपणाचे फलक झळकतात. फोटो निघतात, खड्डा बुजतो, रोपाभोवती लोखंडी पिंजरा बसतो आणि त्यावर ‘सौजन्य’ म्हणून कुणाचे तरी नाव. पुढच्या मे महिन्यात पिंजरा आणि नाव शाबूत असते, रोप तेवढे नसते.

नोकरीची बहुतेक वर्षे मी अबुधाबीत रस्त्याकडेच्या झाडांच्या देखभालीवर पर्यवेक्षक होतो. तिथे वर्षाला 100 मिलिमीटरही पाऊस होत नाही, उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. त्यामुळे आधी पाण्याची नळी, मग खड्डा. पाणी बहुतेक प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे. लागवड शक्यतो ऑक्टोबरनंतर, म्हणजे पुढचा उन्हाळा येईपर्यंत मुळे जमीन धरतात.

मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग वाळवंटाचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. पण तो सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने पेव्हर ब्लॉकच्या फटीत तापणाऱ्या रोपाला ही मुंबई वाळवंटच.

आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा पाइपचा फवारा पानांवर मारून पुढे जातो. पाने चकचकीत दिसतात, पण माती बोटभरही भिजत नाही. रोज असे शिंपडले की मुळे वरच्या वर राहतात. त्यापेक्षा चार दिवसांआड, सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. आळे खोडाला चिकटून नको, थोडे लांब हवे; त्यात पालापाचोळा घातला की ओल टिकते. तिकडे झाडाचा घेर वाढेल तसे ठिबकचे ड्रिपर आम्ही बाहेर सरकवायचो, कारण पाणी पिणारी मुळे खोडाशी नसतात. इथे मात्र काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतात, रस्ता खोदताना एका बाजूची मुळे छाटतात, आणि जूनच्या वाऱ्यात झाड आडवे झाले की दोष झाडाला!

आखाती देशांत झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस लावा, असा सल्ला आमच्या सोसायटीच्या बैठकीतही निघाला. कृपा करून लावू नका. त्याची मुळे पाण्याच्या आणि गटाराच्या नळ्यांत शिरतात, हे तिथलेच लोक सांगतील. गुजरातने तर 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे करंज, ताम्हण, बहावा असताना हवे कशाला?

माझी मागणी फार मोठी नाही. ठेकेदाराचे बिल लागवडीवर निघू नये. त्यातला मोठा हिस्सा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाड मोजून द्यावा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितले होते, तेवढी जागा इथेही सोडावी. भांडुप, घाटकोपर, मालाड, वर्सोवा, वांद्रे, धारावी, वरळी या सात ठिकाणी मलजल प्रक्रिया केंद्रांची कामे हाती घेतलेली आहेतच. त्या पाण्याचा वाटा रस्त्यावरच्या झाडांसाठी आताच ठरवून घ्यावा, नंतर तो मिळणे कठीण.

आमच्या गल्लीतल्या करंजांची, काँक्रीट कुठे कुठे बुंध्याला लागले आहे याच्या मोजमापासह यादी मी करून ठेवली आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी एकदा वेळ द्यावा, मी टेप घेऊन हजर राहीन.

— एक निवृत्त पर्यवेक्षक, पूर्व उपनगर, मुंबई