गॅसचं काम शिकणाऱ्या मंदारला

कराड

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी फार बोललो नाही, कारण आई शेजारीच बसली होती. तिची समजूत अशी, की कॉम्प्युटरवरची नोकरी गेली म्हणून तू तिकडे इंग्लंडमध्ये नाइलाजाने नळाच्या कामाला लागलास. नोकरी असतानाच तू संध्याकाळच्या क्लासला जायला लागला होतास, हे काल तिला सांगितलं. जरा गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांना तिकडे युनिफॉर्म असतो का?" म्हणजे वारं फिरलंय असं समज.

मामाने अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "इंजिनिअर करून शेवटी प्लंबर?" माझी अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली, आणि माझ्याच ओट्यावर बसून हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. तूही कुणाला पटवत बसू नकोस.

नळाच्या कामाची मला काळजी नाही. लहानपणी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह तूच खोलायचास. पंधरा मिलिमीटरचा तांब्याचा पाइप, त्यावर पितळी कडी, वरून नट, हे तुला महिनाभरात हाताला बसेल. नट जरा जास्त आवळला की कडी चेपते आणि जॉइंट गळतो, हेही एकदोनदा गळल्यावर कळेल. पाण्याचं हे बरं असतं, चुकलास तर फरशी ओली करून लगेच सांगतं. चाळिशीत सुरुवात करतोयस, तेव्हा गुडघ्यांना पॅड मात्र पहिल्या दिवसापासून बांध. आमच्याकडचे जुने फिटर पन्नाशीत जिना चढताना कठड्याला धरायचे.

गॅसचं तसं नाही. म्हणून हे पत्र.

तू म्हणालास, काही ठिकाणी थोड्या आठवड्यांत गॅसचा कोर्स उरकून देतात, पण पुढे नोंदणी असलेल्या माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष कामं करून त्याची वही भरावी लागते आणि असा माणूस मिळणंच अवघड आहे. मिळेपर्यंत थांब. कमी पैशांत राहायला लागलं तरी राहा. मला सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळालं त्याआधी मी कितीतरी हंगाम भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, लोटत होतो. वर नाईक नावाचे आमचे अटेंडंट होते. प्रत्येक पाळीला आल्या आल्या ते गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच, ब्लो करायचे. खालचा कॉक उघडायचा, काचेतलं पाणी जोरात निघून जायचं, कॉक बंद केला की पाणी उसळून परत आपल्या जागी यायचं. ते सावकाश आलं तर नळी तुंबतेय, म्हणजे काचेत दिसणारी पातळी खोटी असू शकते. काचेत अर्धं पाणी आणि ड्रममध्ये काहीच नाही, यापेक्षा वाईट गोष्ट बॉयलरवर नसते. नाईक मला काहीच शिकवायचे नाहीत. रोज माझ्यासमोर ते करायचे, एवढंच. हे सहा आठवड्यांत येत नाही रे.

तुमच्याकडचा घर तापवायचा बॉयलर स्वयंपाकघरात कपाटाएवढा भिंतीवर टांगलेला, त्यात वाफही नाही, याचं मला आधी हसू आलं. पण तू आकडा सांगितलास तो डोक्यात राहिला. आमच्या जुन्या बॉयलरला चौरस सेंटीमीटरला २१ किलोचा दाब. तुझ्या मीटरवर २१ मिलिबार, म्हणजे हजार पटीने कमी. वाकड्या काचेच्या नळीत पाणी भरून मोजलास तर दोन बाजूंत वीतभर फरक. पण तेवढ्याच दाबाचा गॅस खोलीत साठून पेटला तर भिंती ढकलतो. गॅस बंद करून दोन मिनिटं ती पातळी हलते का बघायची, ही जी टेस्ट तू सांगितलीस, ती दोन मिनिटं घड्याळ लावून दोनच ठेव. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

रोनन पॉइंटचं तू पाठवलेलं मी दोनदा वाचलं. १६ मे १९६८, पूर्व लंडनमधली २२ मजली इमारत, अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी पहाटे चहासाठी काडी ओढली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. बांधकाम कच्चं होतंच, पण सुरुवात कशाने झाली? शेगडीला गॅसची नळी जोडणाऱ्या एका पितळी नटाने. तो हलक्या प्रतीचा निघाला. १९७० साली तुमच्याकडे गॅस फिटरांची नोंद ठेवायला सुरुवात झाली, १९९१ मध्ये ती सक्तीची झाली, आणि २००९ पासून गॅस सेफ नावाची नोंदणी, तिचंच तुला मिळायचं ते कार्ड. आपल्याकडेही असंच. कलकत्त्याला १८६३ साली बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी तिथे तपासणीचा कायदा आला. माझं सर्टिफिकेट १९२३ च्या कायद्याखालचं. कार्डाच्या मागे लिहिलेलं नसेल त्या कामाला हात लावू नकोस, मग ते शेजाऱ्याचं असो की देवळातल्या ओळखीच्या कुणाचं. आपली माणसंच "एवढंसं तर आहे" म्हणून आग्रह करतात.

धुराड्याचंही तेच. इकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून माणसं जातात, दर थंडीत पेपरला येतं. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्या वायूला वास नाही, रंग नाही. आत्याकडचा गिझर मी काढून बाहेरच्या भिंतीला लावून घेतला, तर ती अजून रुसलेली आहे.

विजेवर घर तापवणारे हीट पंप आले की गॅसचे बॉयलर जाणार, मग आत्ता हे शिकून काय उपयोग, असं सूनबाईने विचारलं म्हणालास. रास्त आहे. पण त्या यंत्राचं पाणी कमी तापतं म्हणून रेडिएटर मोठे लागतात, हे तूच सांगितलंस. मग ते बसवणार कोण? गॅस एका हाताला आणि पाणी दुसऱ्या हाताला ठेव.

पैशाचं राहिलं. यंदा घराच्या पत्र्यांसाठी काही पाठवू नकोस, जुने पत्रे एक पावसाळा काढतील. फी हप्त्याने भरता येते का विचार. आणि ज्याच्या हाताखाली लागशील तो आधी किती देतो आणि व्हॅनचं पेट्रोल कोण घालतो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घे. तुला असं विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे.

आईने विचारलंय, मेतकूट संपलं का. सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा